पूर ओसरल्यावरचे आजार आणि धोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुराचं पाणी घराबाहेर गेलं की सगळं लक्ष आवराआवरीकडे लागतं, आणि ते साहजिक आहे. पण टाळता येण्यासारखे कितीतरी आजार आणि अपघात नेमके याच दिवसांत होतात. ते सगळे एकदम येत नाहीत. वीज आणि विषारी वायूचा धोका पहिल्या काही तासांपासून असतो, जुलाब पहिल्या आठवड्यात सुरू होतात, लेप्टो (जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप) बहुधा त्यानंतर डोकं वर काढतो आणि डासांचे ताप आणखी पुढे. आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे कळलं तर नेमकी कशाची काळजी घ्यायची ते ठरवता येतं. पुढची उत्तरं साधारण त्याच क्रमाने दिली आहेत.

पाणी ओसरलंय. लगेच घरात जावं का?

उजेड असेल तेव्हाच जा. आत जाण्याआधी बाहेरूनच भिंती, छप्पर आणि लोंबकळणाऱ्या वायरी बघून घ्या. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि तिथपर्यंत पाण्यात पाय न घालता पोचता येत असेल तरच तो बंद करा. नाहीतर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबा. भिजलेला पंखा, फ्रिज, मोटर किंवा मिक्सर ‘चालतोय का बघू’ म्हणून लावू नका. बाहेरून कोरडं दिसणारं यंत्र आतून ओलं असतं. गॅसचा वास आला तर दिवा, काडी, स्विच कशालाही हात न लावता बाहेर पडा आणि दारं-खिडक्या उघड्या राहू द्या.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर परतायची घाई करू नका. वेगाने वाहणारं जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, आणि ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे वरून कळत नाही.

वीज नाही म्हणून जनरेटर लावलाय. बाहेर पाऊस आहे, तर पडवीत ठेवला तर चालेल का?

नाही. पडवी, जिना, गॅरेज, खिडकीखालची जागा, यातलं काहीच चालणार नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. झोपेतल्या माणसाला तर जागही येत नाही. यंत्र उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला असं ठेवा. पावसापासून आडोसा करायचा तर वरून करा, चारही बाजू झाकू नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणंही तितकंच जिवावर बेतणारं आहे, मग ती ऊब मिळावी म्हणून असो की कपडे वाळावेत म्हणून.

ओळखायचं कसं? घरातल्या दोन-तीन जणांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, गरगरतंय, मळमळतंय आणि ताप कुणालाच नाही, तर आधी सगळ्यांना उघड्या हवेत न्या. कारण शोधत आत बसू नका.

नळाला स्वच्छ पाणी येतंय. प्यायला हरकत आहे का?

आहे. पाण्याच्या दिसण्यावरून त्यातल्या जंतूंचा अंदाज येत नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने शेकडो माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी ज्या पंपाकडे बोट दाखवलं, त्याचं पाणी चांगलं म्हणून लोक आवडीने भरून नेत होते. पुरात जलवाहिन्यांचे सांधे सुटतात, शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं, आणि वाहिनीतला दाब कमी झाला की ते जास्तच ओढलं जातं. पाणीपुरवठा विभागाने ‘आता सुरक्षित आहे’ असं सांगेपर्यंत पिण्याचं, दात घासण्याचं आणि कच्चं खायच्या भाज्या-फळं धुण्याचं पाणी शुद्ध करूनच वापरा. दात घासायचं पाणी हमखास विसरलं जातं, म्हणून वेगळं लिहिलं.

किती वेळ उकळायचं?

खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट. समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. वीस-वीस मिनिटं उकळून इंधन घालवायची गरज नाही. त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते उकळलेलं पाणी ठेवण्याचं भांडं. झाकण हवं, आणि पाणी तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं. हात बुडवून पेला भरला की उकळण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

इंधनच नाही. मग?

क्लोरीनच्या गोळ्या वापरा. किती लिटरला किती हे पाकिटावर लिहिलेलं असतं. गोळ्या नसतील तर ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं, बिनवासाचं, बिनरंगाचं साधं घरगुती ब्लीच चालतं. १ लिटर स्वच्छ पाण्याला २ थेंब, गढूळ असेल तर ४ थेंब. ढवळून ३० मिनिटं ठेवा. नंतर क्लोरीनचा मंद वास यायला हवा. नसेल येत तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी थोडं थांबा.

गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडतं, म्हणून आधी पाणी निवळू द्या आणि गाळून घ्या. जुनं, खूप धुतलेलं सुती कापड चार पदरी करून वापरा. ही नुसती मनाची समजूत नाही. बांगलादेशातल्या गावांमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा तिथला कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना (तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना) चिकटलेले असतात आणि ती प्लवकं कापडात अडकतात. तरीही गाळणं ही पहिली पायरी झाली; तिच्यापुढे क्लोरीन किंवा उकळणं हवंच.

उकळल्यावर सगळंच निघून जातं ना?

जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. पुराच्या पाण्यात कीटकनाशकं, डिझेल, कारखान्यातला मैला काहीही मिसळलेलं असू शकतं, आणि आर्सेनिक किंवा नायट्रेटसारखे विरघळलेले पदार्थ पाणी आटलं की उलट जास्त दाट होतात. पाण्याला रॉकेलचा, औषधाचा किंवा अनोळखी वास येत असेल, वर तेलाचा तवंग असेल, तर ते ना उकळून प्यायचं, ना क्लोरीन घालून. दुसरीकडून पाणी आणा.

विहिरीत पुराचं पाणी शिरलंय.

नेहमीच्या शुद्धीकरणाचं प्रमाण १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर असं असतं. बुडालेल्या विहिरीला एवढ्याने भागत नाही. आधी गाळ आणि घाण काढावी लागते, मग जास्त मात्रा द्यावी लागते, मग उपसा करून पाणी तपासावं लागतं. हे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली करून घ्या. शुद्धीकरणानंतर अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन मिळालं पाहिजे. ती तपासणी सोपी असते, ती करायला सांगा. आजूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब असताना विहीर घाईने रिकामी केली तर कडा ढासळू शकतात. आणि साफसफाईसाठी कुणालाही विहिरीत उतरवू नका. त्याचं कारण पुढे सेप्टिक टँकच्या उत्तरात आहे.

घरातलं अन्नधान्य टाकून द्यावं लागेल का?

पुराचं पाणी लागलेलं सगळं, हो. पोती, पुठ्ठ्याची खोकी, फिरकीच्या झाकणाच्या बरण्या, प्लास्टिकच्या पिशव्या यांतून पाणी झिरपतं. वाळवून धान्य वापरण्याचा मोह होतो आणि तो का होतो हे समजण्यासारखं आहे, पण त्या दाण्यांत मैला आणि बुरशी दोन्ही मुरलेली असते. फक्त हवाबंद पत्र्याचे डबे, फुगलेले, गंजलेले किंवा चेपलेले नसतील तर, कागद काढून, साबणाने आणि मग क्लोरीनच्या पाण्याने धुऊन उघडावेत. दार न उघडलेला फ्रिज वीज गेल्यावर साधारण ४ तास गार राहतो, काठोकाठ भरलेला फ्रीझर ४८ तास. त्यानंतर चव घेऊन बघू नका. दूषित अन्नाची चव बिघडतेच असं नाही.

जुलाब सुरू झाले. काय करायचं?

पहिल्या जुलाबालाच ओआरएस (साखर आणि क्षारांचं पाणी, पाकिटात भुकटी मिळते) सुरू करा. अशक्तपणा येईपर्यंत वाट बघायची नाही. जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे, आणि जोराच्या कॉलऱ्यात हे काही तासांत होऊ शकतं. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण १ लिटर शुद्ध पाण्यात घाला. अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात असं नको. मिश्रण फार दाट झालं तर जुलाब वाढतात. २४ तासांनंतर उरलेलं ओतून टाका. पाकीट मिळत नसेल तर १ लिटर शुद्ध पाण्यात साखर सपाट ६ छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

२ वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, आणि प्रौढांना पितील तेवढं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवल्याने मूल आणखी खंगतं. मुलांना जुलाब थांबल्यावरही एकूण १० ते १४ दिवस झिंक द्यायचं असतं, रोज २० मिलिग्रॅम, आणि ६ महिन्यांखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

साखर-मिठाच्या पाण्याने काय होणार, असं अनेकांच्या मनात येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे मिश्रण कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. छावणीतल्या चिखलात, नर्स नसताना जे जमलं ते घरीही जमतं.

दवाखाना गाठायचा तो कधी? डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, चिमटीत धरून सोडलेली कातडी हळूहळू खाली बसते, मूल गळून गेलंय किंवा त्याला पिता येत नाही, शौचातून रक्त जातंय, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब धो-धो होतायत. अशा वेळी वाटेतही ओआरएस पाजत राहा.

अँटिबायोटिकची गोळी आधीच घेऊन ठेवली तर?

नको. बहुतेक जुलाबांवर तिचा उपयोग नसतो. जोराचा कॉलरा आणि रक्ताचे जुलाब यांत ती लागते, आणि तिथे डॉक्टर देतात.

लेप्टो म्हणजे नक्की काय? सगळे त्याचीच भीती घालतात.

भीतीपेक्षा ओळख उपयोगाची आहे, म्हणून जरा सविस्तर. लेप्टोस्पायरा हे जंतू उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून बाहेर पडतात. पुरात बिळं बुडतात, गोठे बुडतात आणि ती लघवी पाण्या-चिखलात पसरते. पायाची भेग, खरचटलेली जागा, डोळे, नाक, तोंड यांतून जंतू शरीरात जातात. पाण्यात बराच वेळ राहून मऊ पडलेल्या कातडीतूनही ते शिरू शकतात. म्हणजे एक घोटही न पिता, नुसतं चिखलात उभं राहून घर साफ करताना हा आजार होऊ शकतो.

लक्षणं २ ते ३० दिवसांत दिसतात, बहुतेकांना ५ ते १४ दिवसांत. इथेच घात होतो. घर साफ झालेलं असतं, माणूस कामावर परतलेला असतो, आणि अचानक थंडी वाजून ताप येतो. डोकं ठणकतं, पोटऱ्या आणि पाठ इतकी दुखते की हात लावू देत नाही, डोळे लाल होतात पण चिपडं नसतात. ‘पाण्यात भिजलो, दगदग झाली’ म्हणून तो दोन गोळ्या घेऊन झोपतो. काहींचा आजार तेवढ्यावर बरा होतो. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते, थुंकीतून रक्त पडतं, आणि मग मूत्रपिंडं आणि फुप्फुसं वाचवण्याची धडपड सुरू होते.

सुरुवातीलाच दिलेलं साधं अँटिबायोटिक हा आजार आटोक्यात आणतं. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: ताप आला की डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ‘मी अमुक दिवशी पुराच्या पाण्यात उतरलो होतो.’ त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. लेप्टो, डेंग्यू, मलेरिया आणि टायफॉइड पहिल्या दोन दिवसांत एकमेकांसारखे दिसतात, आणि लेप्टोची रक्तातली प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या आठवड्यात अनेकदा नकारात्मक येते. तेव्हा तुमचं हे एक वाक्यच डॉक्टरांना वेळेत उपचार सुरू करायला लावतं.

त्याची प्रतिबंधक गोळी असते ना?

डॉक्सिसायक्लिन. पाण्यात काम करावं लागलेल्यांना आरोग्य विभाग ती काही वेळा देतो. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती चालत नाही, त्यामुळे शेजाऱ्याकडची गोळी घेऊ नका. कुणाला, किती हे डॉक्टर ठरवतील. आणि गोळी घेतली म्हणून अनवाणी चिखलात उतरायचं नाही. गमबूट, रबरी हातमोजे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, काम संपल्यावर साबणाने स्वच्छ अंघोळ, हे गोळी घेतली तरी करायचंच आहे.

पायात खिळा घुसला. पायाला चिखल्याही झाल्यात.

जखम वाहत्या शुद्ध पाण्याने आणि साबणाने धुवा, त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. अशा घाणेरड्या जखमेत शेवटचं इंजेक्शन ५ वर्षांपूर्वीचं असेल, किंवा कधीचं ते आठवत नसेल, तर पुन्हा घ्यावं लागतं. जखमेभोवती लाली पसरत गेली, ठणका वाढला किंवा ताप आला तर लगेच परत जा. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही काढू नये. चिखल्यांसाठी पाय बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा, मलम लावा आणि दिवसातून काही तास पाय उघडे, कोरडे राहू द्या. त्या भेगाही लेप्टोला वाट देतात.

साप चावला तर?

पुरात सापही कोरडी जागा शोधत घरात येतात, म्हणून सामानाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. चावलाच तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. अंगठी, कडं काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, त्या माणसाला चालवू नका आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका.

मेलेल्या जनावरांमुळे साथ पसरते का? आणि माणसांच्या मृतदेहांमुळे?

ही समजूत फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यामुळे दरवेळी नवं दुःख तयार होतं. पुरात बुडून किंवा इजा होऊन गेलेल्या माणसांना सहसा साथीचा आजार नसतो, आणि बरेचसे जंतू मृत शरीरात फार काळ तगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉस स्पष्ट सांगतात, की साथीच्या भीतीपोटी मृतदेह घाईने, ओळख न पटवता सामूहिक पुरू नयेत. घरच्यांना आपला माणूस ओळखता यावा, निरोप देता यावा, एवढा वेळ देता येतो. मृतदेह हाताळणाऱ्यांनी हातमोजे, बूट वापरावेत आणि हात धुवावेत. कॉलऱ्याने झालेल्या मृत्यूसारखे काही अपवाद आहेत, तिथे आरोग्य खात्याच्या सूचना पाळाव्या लागतात. मेलेली जनावरं पाण्याच्या साठ्यात किंवा जवळ असतील तर मात्र ती लवकर हलवायला हवीत.

डास लगेच का वाढत नाहीत?

पुराचा लोंढा आधीच्या अळ्या वाहून नेतो. नंतर डबकी साचतात आणि मग त्यांची पैदास होते. मलेरिया म्हणूनच पुरानंतर काही आठवड्यांनी वाढतो. डेंग्यूचा एडिस डास घराजवळच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो: टायर, फुटकी बादली, ताडपत्रीची खोळ, मदतीच्या पाण्याची उघडी पिंपं. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून आतून घासा. घासायचं अशासाठी, की अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. धूर फवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

तापात आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण गुंतागुंत नेमकी त्याच सुमारास सुरू होते. ताप उतरल्यावर पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण थकवा दिसला तर रात्र असली तरी रुग्णालयात जा.

छावणीत लहान मुलं आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही?

गोवराची लस झाली आहे का ते विचारा. गोवराचा विषाणू खोलीतल्या हवेत २ तासांपर्यंत राहतो, आणि गर्दीत लस न झालेलं मूल त्यातून सुटणं कठीण. तान्ह्या बाळाला अंगावरच पाजत राहा. ताणाने दूध आटतं या समजुतीपायी बाटली सुरू केली, तर दूषित पाणी थेट बाळाच्या पोटात जातं. बाळ वारंवार पाजलं की दूध येत राहतं. डब्याच्या दुधावरच असलेल्या बाळाचं पाणी उकळलेलं हवं आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो नीट धुता येतो.

भिंतींवर बुरशी आली आहे. ब्लीच आणि फिनेल एकत्र मारलं तर लवकर जाईल का?

ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसं जाळतात. बुरशी ओलीवर जगते, म्हणून शक्य तर २४ ते ४८ तासांत घर वाळवायला घ्या. गाद्या, उशा, भिजलेला प्लायवूड यांचा मोह सोडा. टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासा. घासताना एन-९५ मास्क लावा. दमेकरी माणसाने हे काम करूच नये.

सेप्टिक टँक तुंबलाय. उतरून मोकळा करता येईल का?

कुणीही, एक मिनिटही उतरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि तो जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही असं वाटतं आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली माणसं अशी एकामागून एक गेली आहेत. बंद विहिरी आणि टाक्यांनाही हेच लागू आहे. यंत्राने उपसा करून घ्या.

रोजची औषधं भिजली.

गोळ्या, इन्सुलिन, इनहेलर, काहीही पुराच्या पाण्यात भिजलं तर टाकून द्या. पण औषधाविना राहू नका: रक्तदाब, मधुमेह, फिट, क्षयरोगाची औषधं तुटली तर पुरापेक्षा तेच महागात पडतं. रिकामं पाकीट किंवा त्याचा फोटो घेऊन पहिल्याच दिवशी आरोग्य पथकाकडे जा.

पुराला दीड महिना झाला. आता झालेल्या काविळीचा त्याच्याशी संबंध असेल का?

असू शकतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ साधारण २ ते ४ आठवड्यांनी दिसते, हिपॅटायटिस ई तर २ ते १० आठवड्यांनी. ई प्रकार गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकतो. घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणावर वासना नाही असं दिसलं, तर घरगुती उतारे करत न बसता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि दीड महिन्यापूर्वी घरात पुराचं पाणी होतं हेही सांगा.